५ फूट ६ इंच उंची आणि ६६ किलो वजन असताना रग्बीत विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू) होता येईल का? शेन विल्यम्सला ते कसं जमलं?

होता येईल. जो प्रशिक्षक तुम्हाला ‘आधी ९० किलो कर, मग विंगचं बघू’ म्हणतो, त्याला २ नोव्हेंबर २००३ ची सिडनीतली मॅच दाखवा.

शेन विल्यम्स त्या विश्वचषकाला वेल्सचा तिसरा स्क्रम-हाफ (घोळक्यातून चेंडू काढून पास देणारा खेळाडू) म्हणून गेला होता. ५ फूट ७ इंच, ८० किलो. आधीची दोनेक वर्षं दुखापती आणि ‘चण लहान’ या शिक्क्यात गेलेली. न्यूझीलंडविरुद्ध विंगवर उतरला, ट्राय केला (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले), आणि उत्तरार्धात काही काळ वेल्स चक्क पुढे होतं. मॅच ३७-५३ अशी गेली, पण विंगची जागा त्याची झाली. पुढे २००५ आणि २००८ चे ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं), २००८ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू हा किताब, वेल्ससाठी ८७ सामन्यांत ५८ ट्राय. शेवटचा ट्राय डिसेंबर २०११ मध्ये कार्डिफला, निरोपाच्या मॅचच्या अगदी शेवटच्या क्षणी.

हे वजनाने झालं नाही, पायांनी झालं. साइडस्टेप, म्हणजे ऐनवेळी बाजूला सुटून बचावपटूला चकवणं, नीट बघा. चेंडू दोन्ही हातांत, म्हणजे पास येणार की नाही हे समोरच्याला कळत नाही. धाव थेट त्याच्या एका खांद्यावर. दोन-तीन मीटरवर पावलं आखूड, गुडघे वाकलेले. मग एक पाय बाजूला रुंद टाकून चवड्यावर जोर, आणि उलट्या दिशेला सुटायचं. खरी कमाई पुढच्या तीन पावलांत आहे. तिथे वेग आला नाही तर मागून पकडतातच. स्टेप लवकर घेतली तर बचावपटू सावरतो, उशिरा घेतली तर त्याचा हात पोचतो. टाच टेकली की ब्रेक लागतो, गुडघाही जातो. बोजड शरीराला हे वळण जास्त महागात पडतं, हे ‘वजन वाढव’वाल्यांनी कधीच ऐकून घेतलं नाही.

मात्र ८० आणि ६६ मध्ये फरक आहे. दोन हंगामांत ७२-७३ पर्यंत जा, मांड्या आणि पाठ आधी. टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) मांडीवर, डोकं त्याच्या मागच्या बाजूला, हात आवळलेले. आणि उंच किक तुमच्यावरच मारतील हे धरून चाला: एक गुडघा वर, अंग आडवं वळवून उडी, म्हणजे चेंडू निसटला तरी नॉक-ऑन (चेंडू हातून पुढे पडण्याची चूक) होत नाही.