सी प्रोग्रॅम मॅकवर मुकाट कंपाइल होतो, लिनक्सवर मात्र ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन स्ट्रडप’ अशी वॉर्निंग येते, म्हणजे स्ट्रिंगची प्रत करणारं स्ट्रडप हे फंक्शन कंपायलरला डिक्लेअर झालेलं दिसत नाही. हेडर घातलेलं आहे, मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) सी९९, म्हणजे सी स्टँडर्डची १९९९ ची आवृत्ती, मागितली आहे. प्रोटोटाइप (फंक्शनच्या डिक्लरेशनची ओळ) स्वतःच लिहून टाकला तर चालेल का? (स्ट्रिंग ठरावीक जागेत कॉपी करणाऱ्या स्ट्रएलकॉपीचीही तीच तक्रार आहे.)

आज चालेल, आणि म्हणूनच लिहू नका.

दोष तुमच्या मेकफाइलमधल्या सी९९ चा. स्ट्रडप मूळचं पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमच्या स्टँडर्डचं. सी स्टँडर्डमध्ये ते थेट सी२३ ला आलं. कडक सी९९ मागितलं की ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) ते स्ट्रिंग डॉट एचमध्ये झाकून ठेवते. मॅकची हेडरं काही न सांगताही सगळं उघडं ठेवतात, म्हणून तिथे कुरकुर नाही.

आता तावातावाने का लिहितोय ते सांगतो. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत यावरूनच टीम लीडशी माझं वाजलं होतं. वीज मीटरच्या रीडिंगवरून बिलाच्या फाइली काढणारा प्रोग्रॅम, ३२ बिटच्या मशीनवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला. लीडसाहेबांनी मेकफाइलमध्ये मायनस डब्ल्यू टाकून वॉर्निंग्जची तोंडंच बंद केली होती, आणि दिसेल त्या मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) आणि स्ट्रडपच्या पुढे कास्ट, म्हणजे परत येणाऱ्या किमतीचा टाइप जबरदस्तीने ठरवणं. का, तर “कास्ट केलं की कोड नीट दिसतो. आणि वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे रे!”

मग ६४ बिटचं मशीन आलं, त्यावर उबुंटू १८.०४, आणि पहिल्याच ग्राहकाच्या नावावर सेगमेंटेशन फॉल्ट. साहेबांचं निदान: रॅम खराब. रॅम खरंच बदलून आणली!

मी जीडीबी (डिबगर) लावला. स्ट्रडपमधून बाहेर पडताना रजिस्टरमध्ये पत्ता होता ५५५५५५७५६२६०. आमच्या व्हेरिएबलमध्ये पोचला ५५७५६२६०. वरचे चार हेक्स आकडे गायब. डिसअसेंब्लीत कॉलच्या लगेच खाली सीएलटीक्यू (३२ बिटचा आकडा ताणून ६४ बिटचा करणारी सूचना) बसलेलं. डिक्लरेशन दिसलं नाही, म्हणून कंपायलरने सी८९ च्या जुन्या रिवाजाने धरलं की हे फंक्शन इंट परत करतं. खालचे ३२ बिट ठेवले, बाकीचे फेकले. ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर एकाच मापाचे, म्हणून तिथे निभावत होतं. ‘इंटमधून पॉइंटर बनतोय’ ही दुसरी वॉर्निंग मायनस डब्ल्यू काढल्यावर तरी जुन्या मशीनवर आली असती, तीही त्या नीट दिसणाऱ्या कास्टने गिळली असती. सीमध्ये मॅलॉकला कास्ट लावू नये असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. सी प्लस प्लसवाल्यांनी मध्ये पडू नये.

स्ट्रडपसाठी तुमचा उपाय: पॉझिक्स सी सोर्स हा मॅक्रो (अंडरस्कोरने सुरू होणारा) २००८०९एल या किमतीला डिफाइन करा, फाइलमधल्या पहिल्या इन्क्लूडच्या आधी. एकदा कुठलंही सिस्टिम हेडर आत आलं की नंतर लिहून उपयोग नाही. कुठल्या फंक्शनला कोणता मॅक्रो लागतो ते मॅन पेजवर सुरुवातीलाच असतं. लोक तेवढंच सोडून उदाहरणाकडे धावतात. नाहीतर सी९९ ऐवजी ग्नू९९ करा, एका शब्दात काम होतं.

स्वतःचा प्रोटोटाइप का नको? जुन्या ग्लिबसीत ऑप्टिमायझेशन चालू केलं की स्ट्रडप हा मॅक्रो व्हायचा. तुमची ओळ त्यात उलगडून भलत्याच जागी सिंटॅक्स एरर यायची. ती शोधताना मी लोकांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

स्ट्रएलकॉपी ग्लिबसीत २.३८ पासून, म्हणजे २०२३ पासून आहे. त्याआधीच्या सिस्टिमसाठी वेगळ्या नावाने स्वतःचं लिहा.

बाकी, “वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे” हा वाद क्लँग १६ ने २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने २०२४ मध्ये, या दोन कंपायलरांनी मिटवला. या दोन्हींत ही वॉर्निंग आता एररच आहे. साहेब हे वाचत असतील तर नमस्कार.

हो, एक राहिलं. तो पॉझिक्स मॅक्रो मॅकवरही लागू केलात तर तिथली स्ट्रएलकॉपी उलट झाकली जाईल. सोबत डार्विन सी सोर्स हा मॅकचा मॅक्रोही (तोही अंडरस्कोरने सुरू होणारा) डिफाइन करा. आणि जुनी कॉन्फिगर स्क्रिप्ट (सिस्टिममध्ये कोणती फंक्शनं आहेत ते बिल्डआधी तपासणारी) असेल तर नव्या कंपायलरवर कॉन्फिग डॉट लॉग एकदा वाचा. स्क्रिप्टच्या चाचणी-प्रोग्रॅममध्येच हेडर नसेल तर ती चाचणी आता नापास होते, आणि असलेलं फंक्शनही ‘नाही’ म्हणून नोंदलं जातं, तेही चकार शब्द न काढता.