अकरावीच्या वर्गात बस

प्रिय,

तुझा निरोप वाचला. अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचाय, तर प्रोफाइलसाठी रिसर्च पेपर करू की एनजीओ काढू, हा तुझा प्रश्न. सोळाव्या वर्षी एनजीओ काढून काय करणार आहेस? मला काळजी वाटली ती त्याखालच्या ओळीची. इंटिग्रेटेड घेतलंय (म्हणजे नाव कॉलेजात, दिवसभर क्लासला), कॉलेजला फक्त प्रॅक्टिकल आणि परीक्षेपुरतं जातो, हे तू सहज लिहून गेलास.

आपल्याकडे सीईटीचा पर्सेंटाइल आला की कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाची केंद्रीय फेरी, त्यावर चालतो, अकरावीचे मार्क कोणी विचारत नाही. अमेरिकेत माणूस बसून तुझ्या अर्जाची फाइल वाचतो. फाइलचा कणा म्हणजे नववी ते बारावीची गुणपत्रकं. अर्ज साधारण १ जानेवारीपर्यंत जातो, बोर्डाचा निकाल लागतो मे-जूनमध्ये. मग हातात काय असतं? नववी, दहावी, अकरावीची वार्षिक आणि बारावीची सहामाही. म्हणजे पूर्ण झालेलं शेवटचं वर्ष अकरावीचं, आणि नेमकी अकरावीच आपली मुलं पासापुरती सोडून देतात. दहावीला ९४ टक्के आणि अकरावीला ६१, तर वाचणाऱ्याला घसरण दिसते. तू क्लासला रोज सहा तास घासत होतास, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

माझ्यावर विश्वास नको ठेवूस. बरीच कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचं पत्रक काढतात. त्यातला सी-७ तक्ता उघड. प्रवेशाच्या प्रत्येक निकषापुढे खूण असते: अतिमहत्त्वाचा, महत्त्वाचा, विचारात घेतो, घेत नाही. निवडक कॉलेजांच्या तक्त्यात अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी आणि शाळेतले मार्क बहुधा पहिल्याच रकान्यात सापडतील. म्हणून सांगतो, वर्गात बस.

शिफारसपत्रांचंही तेच. बहुतेक ठिकाणी एक-दोन विषयशिक्षकांची पत्रं लागतात. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र चालणाऱ्या ऑनलाइन अर्जावर, शिक्षकाला पत्राबरोबर एक तक्ताही भरायला येतो. लेखनाचा दर्जा, स्वतंत्र विचार, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, अपयश आल्यावरचं वागणं, अशा एकेका ओळीपुढे ‘सरासरीपेक्षा कमी’पासून ‘आजवर पाहिलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी’पर्यंत खूण करायची. तुझा चेहरा वर्षातून चारदा पाहिलेले फिजिक्सचे सर चर्चेच्या ओळीपुढे काय लिहिणार? मग मुलं स्वतःच पत्र लिहून सही मागतात. हे कधीही करू नकोस. ते अप्रामाणिक आहे, आणि ‘मेहनती, आज्ञाधारक, हसतमुख’ असल्या पत्रातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘घर्षणाच्या उदाहरणात माझी चूक त्याने दाखवली आणि दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर सोडवलं’ हे वाक्य वर्गात बसणाऱ्याच्याच वाट्याला येतं.

तू म्हणशील, जेईईसुद्धा द्यायचीय. दे ना. पण मग इंटिग्रेटेड सोडून हजेरी घेणारं कॉलेज धर आणि क्लास संध्याकाळी कर. मी जुन्या वळणाचा वाटेन, वाटू दे. हा हट्ट शिस्तीपायी नाही, शिक्षकाच्या त्या तक्त्यात वर्गातल्या चर्चेची ओळच आहे म्हणून आहे. आजवर हे मी मुलांना बारावीच्या दिवाळीत सांगत आलो, तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. ती चूक माझी. तुला अकरावीच्या पावसाळ्यातच सांगतोय.

आता अभ्यासाबाहेरचे उपक्रम. कॉमन अ‍ॅपवर जागा दहा, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. शिवाय आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे भरावे लागतात. वाचणारा बेरीज करतो, आणि ती आठवड्याला ७० तास झाली की त्याचा बाकीच्यावरचाही विश्वास उडतो. ‘समाजसेवेची आवड’ लिहून अक्षरं वाया घालवू नकोस. ‘घरच्या किराणा दुकानात रोज दोन तास; उधारीची वही एक्सेलमध्ये आणली; महिन्याचा हिशेब मीच लावतो’ हे कितीतरी वजनदार. घरची जबाबदारी हा त्या यादीतला अधिकृत प्रकार आहे. विकतच्या रिसर्च पेपरपेक्षा दुकान बरं. दहाच्या दहा जागा भरायलाच हव्यात असंही नाही.

एसएटी या तिकडच्या प्रवेशपरीक्षेचं प्रत्येक कॉलेजचं वेगळं. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश ठरवताना गुण बघतच नाही. पैशांचं मात्र घरी आत्ताच बोल. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की बहुतेक ठिकाणी निवडीची शक्यता कमी होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडीच कॉलेजं याला अपवाद आहेत. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज, बंधनकारक असतं: निवड झाली तर तिथेच जायचं. म्हणून बाबांशी आकडे बोलल्याशिवाय त्यावर सही करू नकोस.

या आठवड्यात उपप्राचार्यांना भेट. विचार, कॉलेजचं ‘स्कूल प्रोफाइल’ आहे का? बोर्ड कोणतं, विषय कोणते, किती मुलं, ९० टक्क्यांच्या वर किती, एवढं एक-दोन पानांत. ते नसेल तर तुझे ८५ टक्के वर्गात पहिले की चाळिसावे, हे तिकडे कळायला मार्ग नाही. आकडे गोळा करायला मदत कर, पण कागद कॉलेजनेच काढायचा आणि त्यांनीच अपलोड करायचा. आणि नववीचं गुणपत्रक जुन्या शाळेतून आत्ताच आण. बाहेर पडलास की सोमवारचं वेळापत्रक उतरवून घे.

तुझा,
सर