सव्वा लाख किमी चाललेली बीएमडब्ल्यू ३२०डी घ्यावी का?

किलोमीटरच्या आकड्याला घाबरू नकोस. मुंबई-पुणे हायवेवर पळालेलं सव्वा लाख हे सिग्नलला रखडलेल्या साठ हजारांपेक्षा बरं. सर्व्हिस हिस्टरी मात्र पूर्ण हवी. चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून काढून घे, विकणाऱ्याने दाखवलेल्या फाइलवर थांबू नकोस.

खरी मेख इंजिनात आहे. २०१२-१३ च्या ३२०डीमध्ये एन४७ नावाचं डिझेल इंजिन येतं आणि त्याची टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारी साखळी) मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला असते. बदलायची म्हणजे सहसा इंजिनच खाली उतरवावं लागतं. म्हणून सकाळी थंड इंजिन स्वतः स्टार्ट कर. मागून चेनची खरखर ऐकू आली तर सरळ घरी ये. मालकाने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर मला तरी शंका येते. गिअरबॉक्स ऑइल कधी बदललं, हेही विचार. 'लाइफटाइम आहे', म्हणजे कधीच बदलावं लागत नाही, हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही.

दिल्ली पासिंगची स्वस्त मिळतेय? तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आहेत, म्हणून ती स्वस्त. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब कर.

आणि किमतीच्या पाव भागाएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला नसेल, तर नवी स्विफ्ट बघ.