भूकंपाच्या एस लहरी (आडव्या हलवणाऱ्या, द्रवातून न जाणाऱ्या) पृथ्वीच्या गाभ्यापलीकडे पोचत नाहीत, एवढ्यावरून बाह्य गाभा द्रव आहे हे कळलं का? आणि छायाप्रदेशात (गाभ्यामुळे भूकंपाच्या थेट लहरी जिथे पोचत नाहीत तो पट्टा) खरंच काहीच नोंदलं जात नाही?

पहिल्याचं उत्तर, एवढ्यावरून नाही. दुसऱ्याचं, साफ चूक. पुस्तकातल्या आकृतीत भूकंपापासून १०४° ते १४०° (पृथ्वीच्या मध्याशी मोजलेला कोन) हा पट्टा कोरा सोडतात, त्याने फार नुकसान केलंय. या पट्ट्यावरून माझा वाद जुना आहे, त्यामुळे उत्तर तिकडेच झुकेल.

आधी द्रवाचं. गाभा आहे हे भूकंपशास्त्रज्ञ ओल्डहॅमने १९०६ मध्ये मांडलं (१८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारा तोच). गुटेनबर्गने लवकरच त्याची खोली २९०० किलोमीटर काढली. आजचा आकडा २८९१. तरीही गाभा द्रव आहे हे लगेच कोणी मान्य केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. एखादी लहर नोंदीत दिसत नाही याचा अर्थ ती वाटेत विरली किंवा दुसऱ्या लहरीखाली दबली, असाही असू शकतो. निकाल लावला १९२६ मध्ये जेफ्रीजने. चंद्र-सूर्याच्या ओढीने अख्खी पृथ्वी किती लवते यावरून तिची सरासरी दृढता (आकार बदलायला होणारा विरोध) निघते. एस लहरींच्या वेगावरून नुसत्या प्रावरणाची (गाभ्यावरच्या घन थराची) दृढता निघते, आणि ती सरासरीपेक्षा बरीच जास्त भरते. मग सरासरी खाली ओढायला गाभ्याची दृढता जवळजवळ शून्यच हवी. शिवाय एस लहर गाभ्यात पी (दाबाची, द्रवातूनही जाणारी लहर) होऊन शिरते आणि बाहेर पडताना पुन्हा एस होते. ही एसकेएस, ८३° च्या पुढे साध्या एसच्याही आधी येते. म्हणजे ‘पलीकडे एस नाहीच’ हेही अर्धवट.

आता छायाप्रदेश. प्रावरणाच्या तळाशी पीचा वेग सेकंदाला १३.७ किलोमीटर असतो, गाभ्यात शिरताच तो ८.१ वर येतो. किरण आत वळतो आणि खूप पुढे बाहेर पडतो, म्हणून मधे पट्टा उरतो. पण त्या पट्ट्यात क्षीण का होईना, लहरी नोंदल्या जात होत्या. बहुतेकांनी त्यांना ‘गाभ्याच्या कडेवरून वळून आलेल्या’ म्हणून निकालात काढलं. डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी नाही काढलं. १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मर्चिसनचा भूकंप झाला. रशियातलं इर्कुत्स्कचं नोंदणी केंद्र तिथून सुमारे ११०° वर, स्वेर्डलोव्स्कचं १३५° वर; दोन्ही पट्ट्याच्या आत. तिथल्या नोंदींत उभ्या घटकावर (जमिनीच्या वर-खाली हालचालीच्या नोंदीवर) स्पष्ट झटका होता. वळून आलेली लहर इतकी ठसठशीत नसते. लेमाननी प्रावरणात १० आणि गाभ्यात ८ असे स्थिर वेग धरले, आत जास्त वेगाचा एक गोळा ठेवला आणि हाताने हिशेब केला. वेळा जुळल्या. त्यांनी या गोळ्याची, म्हणजे आतल्या गाभ्याची, त्रिज्या १४०० किलोमीटरच्या आसपास काढली, आज ती सुमारे १२२० मानतात. १९३६ च्या त्या शोधनिबंधाचं शीर्षक फक्त ‘पी प्राइम’ (गाभ्यातून गेलेल्या पी लहरीचं चिन्ह). कोरी आकृती छापली की हा शोध लागायला जागाच उरत नाही!

खात्री करायची असेल तर नोंदी फुकट मिळतात आणि ऑब्सपाय (भूकंपाच्या नोंदी हाताळणारी पायथन लायब्ररी) पुरतं. फिजी-टोंगाचा ५०० किलोमीटरपेक्षा खोल, ६.५ च्या वरचा भूकंप घ्या. उथळ घेऊ नका. पृष्ठावरून परतलेली लहर मूळ लहरीच्या शेपटाला चिकटते आणि काय कुठलं ते कळत नाही. १२०° जवळचं नोंदणी केंद्र, उभा घटक, ०.५ ते २ हर्ट्झची गाळणी. उथळ भूकंपाच्या हिशेबाने वळून आलेली पी सुमारे १५ मिनिटांनी येते, आतल्या गाभ्याची १९ मिनिटांच्या सुमारास, आणि पृष्ठावर एकदा आपटून आलेली पीपी २० मिनिटांनंतर. खोल भूकंपाला या वेळा मिनिटभर अलीकडे सरकतात, म्हणून ऑब्सपायमधल्या टॉपीमधून (लहरी पोचण्याच्या वेळा काढणारा भाग) त्याच खोलीच्या वेळा काढून नोंदीवर खुणा करा. लोक नेमकी पीपी पकडतात आणि ‘सापडली’ म्हणतात. गाळणी विसरलात तर समुद्राच्या लाटांची पाच-आठ सेकंदांची गुरगुर सगळं बुडवते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याजवळचं केंद्र तर निवडूच नका.

दोन गोष्टी राहिल्या. ११०° च्या आसपास जे दिसतं ते आतल्या गाभ्यावरून परावर्तित झालेलं असतं. आरपार गेलेली लहर त्याहून पुढे. आणि आतला गाभा घन आहे हे लेमाननी सिद्ध केलेलं नाही. तो पुरावा १९७१ मध्ये जिव्होन्स्की आणि गिल्बर्ट यांनी पृथ्वीच्या मुक्त दोलनांतून (मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी थरथरते त्यातून) दिला. घनताही नुसत्या लहरींच्या वेळांतून निघत नाही, त्याला पृथ्वीचं वस्तुमान आणि जडत्वाघूर्ण (फिरण्यातल्या बदलाला होणारा विरोध) लागतं.

राहता राहिले ‘ती नुसती वळून आलेली लहर’ म्हणणारे. त्यांना तीच नोंद दोनदा दाखवा, एकदा ०.०५ हर्ट्झच्या खाली गाळून, एकदा १ हर्ट्झच्या आसपास. वळून आलेली पी पहिल्यात दिसते, दुसऱ्यात जवळजवळ विरते. १९ मिनिटांचा झटका दुसऱ्यातही ठाम उभा असतो.