डेटा कुठल्या वाटेनं जावा, हे आपण ठरवू शकतो का?

तुमचा प्रश्न असा की पुण्याहून मुंबईतल्या सर्व्हरकडे जाणारा डेटा ट्रेसराउटमध्ये (डेटा कोणकोणत्या थांब्यांवरून जातो ते दाखवणारं साधन) सिंगापूरला जाऊन येताना दिसतो, मग ‘सरळ जा’ असं आपल्याला सांगता का येत नाही? तक्रार रास्त आहे. माझ्या जोडणीवरही काही महिने हाच वळसा होता. पाच मिलिसेकंदांच्या कामाला साठ-सत्तर लागायचे.

आपण पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, फक्त पत्ता लिहितो. वाट ठरवतात मधली नेटवर्क्स, बीजीपी हा एकमेकांना वाटा कळवण्याचा नियमसंच वापरून, आणि त्यांचा पहिला निकष अंतर नसतो. ज्या वाटेवर पैसे मिळतात ती आधी, फुकट देवाणघेवाणीची नंतर, पैसे मोजावे लागतात ती शेवटी, असा साधारण क्रम. दोन कंपन्या मुंबईत एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर त्यांची गाठ सिंगापुरात पडते.

वाट पाठवणाऱ्यानं लिहावी ही सोय इंटरनेटवरच्या पॅकेट्सची रचना ठरवणाऱ्या १९८१च्या आयपी मानकात होती. पण तिचा गैरवापर सोपा निघाला. बहुतेक नेटवर्क्स अशी पॅकेट्स टाकून देतात, आणि आयपीव्ही६ या त्याच्या नव्या आवृत्तीतली तशीच सोय २००७मध्ये रद्द झाली. म्हणून ग्राहकाला मोकाट अधिकार द्या, असं मी म्हणणार नाही.

मला पटलेली रचना म्हणजे स्कायन, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आद्रियान पेरिग यांच्या गटानं वाढवलेली. तिथे प्रत्येक नेटवर्क आपल्याला मान्य असलेल्या वाटा आधी जाहीर करतं. तुमचं यंत्र त्यांतली एक निवडतं; कमी विलंबाची, किंवा अमुक देश टाळणारी. निवडलेली वाट पॅकेटमध्येच लिहिलेली असते आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर त्या त्या नेटवर्कची गणिती मोहोर असते. मनानं रचलेली वाट राउटर स्वीकारतच नाही. निवड तुमची, संमती त्यांची. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय बँक आणि सिक्स ही वित्तीय सेवा कंपनी यांनी २०२१मध्ये बँकांसाठी याच रचनेवर नेटवर्क सुरू केलं.

आणि हा प्रश्न वेगापुरता नाही. फेब्रुवारी २००८मध्ये पाकिस्तान टेलिकॉमनं देशात यूट्यूब अडवण्यासाठी बीजीपीवर केलेली ‘यूट्यूबची वाट इकडून आहे’ ही घोषणा देशाबाहेरच्या नेटवर्क्समध्ये पसरली, आणि जगभरातून यूट्यूबकडे निघालेला डेटा सुमारे दोन तास तिकडे वळला. वापरणाऱ्यांच्या हातात दुसरी वाट धरण्याचा काहीही उपाय नव्हता.

घरगुती जोडणीवर स्कायन मिळणं आज कठीण. व्हीपीएननं मधला एक थांबा तुम्ही ठरवता, त्याच्या अलीकडची-पलीकडची वाट नाही. तरी मुंबईतला व्हीपीएन सर्व्हर घेऊन बघा, वळसा कधीकधी सुटतो.

कंपनीकडे तक्रार करताना मात्र दोन्ही टोकांकडून काढलेले एमटीआर (ट्रेसराउट पुन्हा पुन्हा चालवून प्रत्येक थांब्याचा विलंब दाखवणारं साधन) अहवाल द्या. ट्रेसराउट फक्त जातानाची वाट दाखवतो, परतीची वेगळी असू शकते, आणि माझ्या बाबतीत वळसा परतीच्या वाटेवरही होता. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की मोडेम बंद-चालू करायला सांगतात. ‘या नेटवर्कशी तुमचं मुंबईत पिअरिंग आहे का, निक्सीवर किंवा दुसऱ्या एक्स्चेंजवर?’ असं लिहून विचारलं (पिअरिंग म्हणजे दोन नेटवर्क्सची थेट देवाणघेवाण; एक्स्चेंज म्हणजे ती जिथे होते ती जागा, निक्सी हे भारतातलं तसं एक), तेव्हा माझी तक्रार पहिल्यांदा नेटवर्क इंजिनिअरपर्यंत पोहोचली. त्यानंतर आठवडाभरात वाट बदलली.