हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्सचं एचडी चित्र मागच्या खोलीतल्या टीव्हीवर कसं न्यावं? वायर की वायरलेस?

वायर. तुम्ही लिहिलंय की अंतर १५ मीटर आहे आणि ‘घरचे म्हणतात, आजकाल वायरी कोण टाकतं’. हे घरचे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. आमच्याकडे त्यांना दादा म्हणतात.

२०१२ साली सांगलीला घर बांधताना मी कानीकपाळी ओरडत होतो, हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत २५ मिमीचा एक रिकामा पाईप टाकून ठेवू, आत नायलॉनची दोरी ओवून. पण साइटवर दादा उभा, मी पुण्यात नोकरीला. फोनवरून माझं काय चालणार? ‘पुढे सगळं हवेतूनच येणार आहे’ म्हणत त्याने पाईप रद्द केला. वाचले किती, तर चार-पाचशे रुपये.

२०१९ मध्ये अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा मुक्काम मागच्या खोलीत हलला. दादाने तिथे ३२ इंची स्मार्ट टीव्ही लावला, वायफायवर ॲप सुरू करून दिलं आणि माझ्याकडे बघून हसला. १० जुलैला वर्ल्डकप सेमीफायनलचा राखीव दिवस होता. न्यूझीलंडच्या २३९ चा पाठलाग. हॉलमध्ये डिशवर आम्ही आठ-दहा जण, आत अण्णा ॲपवर. ॲपचं चित्र डिशच्या जवळजवळ अर्धा मिनिट मागे. जडेजाने षटकार मारला की आम्ही ओरडायचो, आणि अण्णांच्या टीव्हीवर बोलर अजून रनअपकडे चाललेला. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. मग धोनी दुसऱ्या धावेसाठी पळाला, गप्टिलचा थ्रो थेट स्टंपवर बसला आणि हॉल चिडीचूप झाला. आतून अण्णांचा आवाज आला, ‘गेला का रे धोनी?’ त्यांच्या पडद्यावर तो अजून खेळत होता. उरलेली मॅच त्यांनी बघितलीच नाही.

पुढच्याच रविवारी मी केसिंग पट्टी आणली, भिंतीवरून वायर झाकून न्यायची ती. भिंतीला झिरी मारायची तर रंगाचा खर्च, म्हणून पट्टी. दिसायला वाईट दिसते, दिसू दे.

माझीही एक चूक सांगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २० मीटरची एचडीएमआय केबल आणली, म्हणजे बॉक्समधून टीव्हीत चित्र-आवाज नेणारी नेहमीची वायर. खोक्यावर ठळक ‘फोर-के’. चित्रात पांढरे ठिपके चमकायचे, मग पडदा काळा, मग पुन्हा चित्र. तांब्याच्या साध्या एचडीएमआय केबलने १० मीटरच्या पुढे जाऊच नये, खोक्यावर काहीही छापलेलं असो. आणि १५ मीटर हे तुम्ही सरळ मोजलं असणार. वायर वर चढते, दाराला वळसा घालते, पुन्हा खाली उतरते. दोरी लावून मोजा.

मग कॅट-सिक्स म्हणजे नेटची वायर आणि तिच्यातून एचडीएमआयचं चित्र लांब नेणारी एक्स्टेंडरची जोडी आणली. एक डबी बॉक्सपाशी, दुसरी टीव्हीमागे, मधे अखंड वायर. राउटर किंवा स्विच मधे घालायचा नाही, दिसायला नेटची वायर असली तरी आतला सिग्नल नेटचा नसतो. वायर शुद्ध तांब्याचीच घ्या. स्वस्तातली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ब्लेडने खरवडलं की आतून पांढरी निघते. लाईटच्या वायरींपासून ती लांब ठेवा. एक्स्टेंडरसोबत इन्फ्रारेडचा डोळा येतो तो घ्याच, म्हणजे मागच्या खोलीतून रिमोट दाबला तरी हॉलमधल्या बॉक्सचा चॅनल बदलतो. नाहीतर दिवसभर ‘अरे जरा बातम्या लाव’.

बॉक्सला एचडीएमआयची जागा एकच, म्हणून आधी एका चित्राचे दोन फाटे करणारा स्प्लिटर लागला. तो लावल्याबरोबर हॉलचं चित्र पुसट झालं आणि दादाला जोर चढला, ‘तुझी वायर!’ वायरीचा काही संबंध नव्हता. स्प्लिटर दोन्ही टीव्हींना काय झेपतं ते विचारतो आणि धाकट्याला झेपेल तेच दोघांना वाढतो. आमच्यात धाकटा म्हणजे दादाने आणलेला ३२ इंची. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून १०८०आय हे एचडी चित्र कायम केलं, भांडण मिटलं. निदान टीव्हींचं.

२०२४ च्या जूनमध्ये सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा हॉल आणि मागची खोली एकाच वेळी ओरडली.

हां, एक राहिलं. या पद्धतीत दोन्ही खोल्यांत एकच चॅनल दिसतो. आत मालिका आणि बाहेर मॅच हवी असेल तर हा सगळा खटाटोप सोडा, दुसरा बॉक्स घ्या. फोर-के न्यायचं असेल तर आतून प्रकाशाने सिग्नल नेणारी ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या, पण तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक बॉक्सकडेच लावा, उलटी ओढलीत तर सगळी परत काढावी लागेल. भाड्याच्या घरात असाल तर वायरलेस किट घ्या, माझा आक्षेप नाही. मात्र मधे विटांची ९ इंची भिंत असेल तर परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या.

दादा सध्या पुण्यातल्या फ्लॅटचं काम करून घेतोय. मी या वेळी एक शब्द बोललो नाही. परवा त्याचाच फोन आला, ‘अरे, तो २५ चा पाईप म्हणजे आतून २५ की बाहेरून?’

बाहेरून, दादा.