कोंबडी बसवण्याआधी

अरे, कोंबडा विकलास आणि पिल्लं निघत नाहीत म्हणून खुडूक कोंबडीला कसला बोल लावतोस? कोंबड्याशिवाय ती अंडी देईल, पण ती फळणार नाहीत. मीही पहिल्या वर्षी रत्नागिरीच्या बाजारातली 12 अंडी बसवली होती. 21 दिवस बिचारी उठली नाही, शेवटी वासाने कळलं!

खाडीतली कालवं बीज आणि शुक्राणू पाण्यात सोडून मोकळी होतात, गाठ पडली तर पडली. कोंबडीत हे पोटात घडतं. बलक सुटला की साधारण 15 मिनिटांत, अंडवाहिनीच्या तोंडाशीच. मग वर पांढरं चढतं, कवचाला आणखी 20 तास. कवच आल्यावर कोंबडा काय करणार?

आणि नवा कोंबडा आणलास तर तीन आठवडे थांब. अंडवाहिनीतल्या बारीक नळ्यांत जुन्याचे शुक्राणू दोन-दोन आठवडे तग धरतात, पिल्लं जुन्याचीही निघू शकतील.

एक अंडं फोडून बघ. बलकावरच्या पांढऱ्या ठिपक्याला गोल कडं दिसलं तर फळलंय. नुसता भरीव ठिपका असेल तर आमलेट कर. बसवलेली अंडी सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर धर, लाल शिरांचं जाळं दिसायला हवं.